हलगी तापते तशी बीट तापवायची: ऑटोमेशन हाताळायला शिकू

औशाजवळच्या आमच्या गावात वरात निघायच्या आधी हलगीवाले मामा रस्त्याच्या कडेला कागद नाहीतर वाळकं गवत पेटवतात आणि हलगी शेकून घेतात. चामडं तापलं की ताणतं, ताणलं की आवाज चढतो. वरात मारुतीच्या पारापर्यंत जाईस्तोवर हलगी थंड पडलेली असते, आवाज बसलेला असतो. मग पुन्हा जाळ, पुन्हा शेक. दोन तासांच्या वरातीत एकाच हलगीचा सूर एका जागी राहत नाही. हातही राहत नाही. नवरा घोड्यावर असताना टिपरू वेगळं पडतं, पोरं नाचायला लागली की वेगळं, आणि कुणी नोट काढून ओवाळली की त्याहून वेगळं!

मी लॅपटॉपवर पहिली बीट केली तेव्हा यातलं काहीच तिच्यात नव्हतं. फोनवर रेकॉर्ड केलेली हलगी, खाली जाडजूड बेस, वर टाळ्या. चार बारांचा (एक बार म्हणजे चार ठोके) लूप होता आणि तोच पुढं चिकटवत नेला होता. चुलत्यांनी मिनिटभर ऐकलं आणि विचारलं, "हे पुढं जायलंय का तिथंच उभं हाय?" मी दोन महिने नवीन सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे, गोळा करत बसलो. सॅम्पलमध्ये काहीच खोट नव्हती. खोट ही होती की पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत एकही नॉब, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं फिरतं बटण, जागचा हलत नव्हता.

नॉब वेळेनुसार आपोआप हलवणं, म्हणजे ऑटोमेशन. गाण्याच्या कुठल्या क्षणी कुठला नॉब किती असावा हे एका रेषेत आखून ठेवायचं. सॉफ्टवेअर दर वेळी त्या रेषेप्रमाणं नॉब फिरवतं. आवाजाची पातळी, डावं-उजवं, फिल्टर (आवाजाची गाळणी), रिव्हर्ब (घुमारा), डिले (प्रतिध्वनी), सूर, लय, जवळपास प्रत्येक गोष्टीला अशी रेषा जोडता येते. ही युक्ती संगणकाची नाही. पूर्वी स्टुडिओत गाणं मिक्स करताना दोन-तीन माणसं टेबलावर वाकून आपापले फेडर, म्हणजे आवाजाच्या सरकपट्ट्या, ठरल्या जागी वर-खाली करत, आणि एकाचा हात चुकला की सगळं पहिल्यापासून. 1977 साली नीव्ह कंपनीनं नेकॅम नावाची यंत्रणा आणली. तिच्यात हाताची हालचाल लक्षात ठेवली जाई आणि नंतर मोटारीवर फेडर आपोआप सरकत. आज आपल्या स्क्रीनवर जी रेषा दिसते ती त्याच फेडरची पुढची पिढी.

कुठल्या सॉफ्टवेअरवर

खालचे टप्पे एफएल स्टुडिओवर सांगतो, कारण आमच्याकडं लातूर, नांदेड, परभणी कुठंही बीट करणारा पोरगा भेटला तर बहुतेक वेळा त्याच्या लॅपटॉपवर हेच असतं. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीनं 1997 साली ते फ्रूटीलूप्स या नावानं काढलं. 2003 मध्ये एफएल स्टुडिओ झालं. फुकटच्या ट्रायलमध्ये जवळपास सगळं करता येतं, गाणं एक्स्पोर्टही होतं. फक्त सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही. म्हणजे ट्रायलवर बीट एका बैठकीत संपवायची, आणि त्यात दुपारी लाइट गेली तर गेलं सगळं. पैसे नसतील तर एलएमएमएस पूर्ण मोफत आहे, त्याबद्दल शेवटी सांगतो. क्रॅक केलेलं वापरू नका. सल्ला नैतिक वाटेल, पण त्याच फायलीतून आलेल्या व्हायरसनं माझी तीन वर्षांची रेकॉर्डिंग गेली आहेत, म्हणून सांगतो.

आधी मांडणी

आपण एक छोटी बीट डोळ्यांपुढं ठेवू. लय 100 बीपीएम, म्हणजे मिनिटाला 100 ठोके, चारचा ठेका. या लयीत एक बीट (इथं बीट म्हणजे एक ठोका) 600 मिलिसेकंदांची, एक बार 2.4 सेकंदांचा, 8 बार 19.2 सेकंदांचे. हे आकडे वहीत लिहून ठेवा, पुढं डिलेच्या वेळी लागतील. वाद्यं पाच: हलगी, संबळ, बेस, टाळ्या आणि "आई राजा उदो उदो" असा एक गजर. हलगी आणि संबळ दोन्ही मी घरीच फोनवर रेकॉर्ड केलेत. मे महिन्यात पंखा बंद करून, त्यामुळं घाम किती गळाला ते विचारू नका.

प्रत्येक वाद्याला मिक्सरमध्ये स्वतंत्र ट्रॅक द्या. मग हलगी आणि संबळ हे दोन ट्रॅक एका तिसऱ्या ट्रॅकमध्ये वळवा. मी त्याला "चामडं" असं नाव देतो. दोन्हींवर एकत्र काही करायचं असेल तर एकाच ठिकाणी करता येतं. बेसला यातून बाहेर ठेवा.

पहिली रेषा: फिल्टर उघडणं

9 ते 16 या आठ बारांत हलगी-संबळ आधी घोंगड्याआडून आल्यासारखे वाजतील आणि हळूहळू उघडे होतील, 17व्या बारावर सगळं एकदम मोकळं. लग्नाच्या डीजेवर ज्याला पोरं "ड्रॉप" म्हणतात तो हाच.

1. प्लेलिस्टमध्ये (गाणं मांडायच्या खिडकीत) वरच्या बारांच्या पट्टीवर कंट्रोल दाबून माउस ओढा आणि 1 ते 16 बार निवडा. सोळाही का, ते पुढं सांगतो.
2. मिक्सरमध्ये "चामडं" ट्रॅकच्या एका स्लॉटमध्ये फ्रूटी फिल्टर टाका.
3. कटऑफच्या, म्हणजे आवाज कुठवर जाऊ द्यायचा ते ठरवणाऱ्या, नॉबवर राइट क्लिक करून "क्रिएट ऑटोमेशन क्लिप" निवडा. प्लेलिस्टमध्ये निवडलेल्या लांबीची नवी क्लिप दिसेल. तिच्यात एक रेषा आणि दोन टोकांना दोन ठिपके असतील.
4. एफ2 दाबून क्लिपला नाव द्या: "चामडं फिल्टर". आळस केलात तर आठवड्यानं अशा बारा क्लिपा असतील आणि कुठली कशाची ते देवालाच ठाऊक.
5. पहिला ठिपका पूर्ण वर न्या. 9व्या बाराच्या सुरुवातीला रेषेवर राइट क्लिक करून नवा ठिपका टाका, तोही वर. त्याला लगेच लागून आणखी एक ठिपका टाकून तो खाली, साधारण पाव उंचीवर आणा. शेवटचा ठिपका, म्हणजे 16व्या बाराच्या अखेरचा, पूर्ण वर.
6. वाजवून ऐका. मग दोन ठिपक्यांच्या मधल्या रेषेवरचा छोटा गोल खाली ओढा. रेषा पोटाला झुकेल, म्हणजे सुरुवातीला चढ अगदी मंद आणि शेवटच्या दोन बारांत झपाट्यानं.

ठिपका बारीक सरकवायचा असेल तर अल्ट दाबून ठेवा, म्हणजे तो ग्रिडला चिकटत नाही. ठिपक्यावर राइट क्लिक केलं की वळणाचे प्रकार दिसतात. त्यातला "होल्ड" एका जागी थांबून पुढच्या ठिपक्यावर उडी मारतो. "स्टेअर्स" पायऱ्या पाडतो, "पल्स" आणि "वेव्ह" रेषेला थरथर देतात. सुरुवातीला साधं वळण आणि होल्ड एवढ्यावर भागतं.

आता 1 ते 16 का, ते. एफएल स्टुडिओत क्लिप संपली की नॉब शेवटच्या जागी तसाच राहतो. क्लिप फक्त 9 ते 16 ठेवली आणि तुम्ही मध्येच, समजा 12व्या बारावर, थांबवून पुन्हा पहिल्यापासून वाजवलं, तर पहिले आठ बार अर्धवट बंद फिल्टरनं वाजतील. काल छान वाजत होतं आणि आज दबलेलं का वाजायलंय, या प्रश्नाचं उत्तर दहातल्या आठ वेळा हेच असतं. म्हणून ज्या नॉबला ऑटोमेशन लावलं त्याला गाण्याच्या पहिल्या बारावर एक ठिपका हवाच. दुसरा मार्ग म्हणजे नॉबवर राइट क्लिक करून "इनिट साँग विथ धिस पोझिशन" निवडणं, म्हणजे गाण्याची सुरुवात त्या जागेवरून होते. मला ठिपका बरा वाटतो, डोळ्यांना दिसतो.

फिल्टरबद्दल कानाची एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या कानाला 100 हर्ट्झवरून 200 वर जाणं आणि 5,000 वरून 10,000 वर जाणं सारखंच मोठं वाटतं, दोन्ही एकेक सप्तक. बहुतेक फिल्टरचे नॉब याच हिशेबानं आखलेले असतात, म्हणून त्यांच्यावर सरळ रेषाही समान चढ वाटते. पण एखाद्या प्लगइनचा (एफएलमध्ये जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरचा) नॉब सरळ हर्ट्झमध्ये चालत असेल, तर सगळा बदल रेषेच्या खालच्या टोकाशी घडतो आणि वरचा अर्धा भाग वाया जातो. तिथं रेषा पोटाला खूप झुकवावी लागते. रेषा कशी दिसते याकडं फार बघू नका. डोळे मिटून ऐका आणि हात जिथं थांबावासा वाटेल तिथं थांबा.

आणि ड्रॉपच्या आधी अर्धी बीट सगळं गप्प करा. आवाज वाढवून जे होत नाही ते या अर्ध्या बीटच्या शांततेनं होतं. हलगीवालेही मोठ्या ठेक्याआधी क्षणभर टिपरू हवेत धरतात.

हलगी शेकायची: सूर

हे मला सगळ्यात आवडतं आणि सगळ्यात कमी लोक करतात. हलगीच्या चॅनलवरच्या पिचच्या नॉबला क्लिप जोडा. हा नॉब आपसूक वर-खाली दोन-दोन सेमीटोन (सेमीटोन म्हणजे सप्तकाचा बारावा भाग) एवढाच फिरतो, आपल्याला तेवढाही नको. पहिल्या बारावर सूर अर्धा सेमीटोन खाली ठेवा, 16व्या बारापर्यंत हळूहळू मूळ जागी आणा, आणि ड्रॉपनंतर आठ बारांत जरासा वर जाऊ द्या. ऐकणाऱ्याला सूर चढतोय हे कळणार नाही. काहीतरी तापतंय एवढंच जाणवेल. एक सेमीटोनहून जास्त ताणलं तर हलगी डबड्यासारखी वाजू लागते, तेवढं सांभाळा. बेस आणि गजर यांचा सूर मात्र हलवायचा नाही, नाहीतर सगळंच बेसूर.

क्लिपच्या सेटिंगमध्ये "मिन" आणि "मॅक्स" असे दोन नॉब असतात. त्यांनी क्लिपची पूर्ण उंची तुम्हाला हव्या तेवढ्याच पल्ल्यात बसवता येते. पिचसारख्या नाजूक गोष्टीला हे फार सोयीचं. हात जरा हलला तरी काम बिघडत नाही.

गोंधळाची लय

तुळजापूरच्या बाजूचा गोंधळ ज्यांनी रात्रभर ऐकलाय त्यांना माहीत आहे की संबळ सुरू होतं तेव्हाची लय आणि दिवटी ऐन रंगात असतानाची लय यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. लॅपटॉपवर मात्र लय एकदा लिहिली की कुणी तिला हात लावत नाही. वर जिथं बीपीएम दिसतो त्यावर राइट क्लिक करा, तिथंही ऑटोमेशन क्लिप निघते.

इथं मिन-मॅक्स आवर्जून वापरा. बीपीएमचा पल्ला इतका मोठा असतो की क्लिपमधल्या बोटभर चुकीनं लय कुठल्या कुठं जाते. ठिपक्यावर राइट क्लिक करून "टाइप इन व्हॅल्यू"नं आकडा भरता येतो आणि नेमकी किती लय झाली ते वर डाव्या कोपऱ्यातल्या पट्टीत दिसतं.

मी आधी 92 वरून 116 पर्यंत 32 बारांची सरळ चढती रेषा काढली. वाईट वाजलं, कॅसेट प्लेयरचे सेल संपतात त्याच्या उलट झाल्यासारखं. मग जुनी रेकॉर्डिंग नीट ऐकली. संबळवाला सारखा चढत नाही. एक कडवं एका लयीत नेतो, कडव्याच्या शेवटी झटक्यात लय उचलतो आणि तिथं स्थिरावतो. म्हणून पायऱ्या करा: आठ बार 92, मग 98, मग 104, मग 112. प्रत्येक पायरीच्या आधी अर्ध्या बाराचा छोटा चढ द्या, एकदम उडी नको.

रेकॉर्ड केलेला लूप लय बदलली की मागं पडतो, हा इथला धोका. त्याच्या सेटिंगमध्ये स्ट्रेच चालू करून त्याला लयीला बांधावं लागतं आणि तरी जोराच्या थापा थोड्या पिचकतात. त्यापेक्षा लूपमधून एकेक थाप कापून वेगळी करा आणि पियानो रोलमध्ये (थापा एकेक करून मांडायच्या चौकटीत) मांडा. थाप छोटी असते, लय कुठलीही असली तरी ती आपल्या जागी पडते. काम तासाभराचं आहे, पण एकदाच करायचं.

उदोची शेपटी

"आई राजा उदो उदो" या गजरावर सुरुवातीपासून रिव्हर्ब ठेवला तर शब्द गढूळ होतात. ठेवलाच नाही तर कोरडं वाटतं. मधला मार्ग म्हणजे फक्त शेवटच्या "उदो"ला घुमवणं.

मिक्सरमध्ये एक रिकामा ट्रॅक घ्या, त्यात रिव्हर्ब टाका आणि मूळ कोरडा आवाज शून्यावर करून फक्त घुमारा ठेवा. गजराच्या ट्रॅकमधून या ट्रॅकला सेंड, म्हणजे आवाजाची एक प्रत नेणारी वाट, जोडा. त्या सेंडच्या नॉबला ऑटोमेशन क्लिप लावा. रेषा सगळीकडं तळाशी. शेवटच्या "उदो"च्या "उ"वर ती वर जाते आणि "दो" संपताच तळाशी येते. सेंड बंद झाला तरी आत गेलेला घुमारा आपल्या गतीनं विरत राहतो, आणि पुढचा शब्द कोरडाच येतो. डोंगरापुढं हाक मारल्यासारखं वाटतं.

डिलेचंही असंच, पण त्यात आणखी एक गंमत आहे. डिलेचा वेळ 600 मिलिसेकंद ठेवला तर 100 बीपीएमला प्रत्येक प्रतिध्वनी नेमका पुढच्या बीटवर पडतो. 300 ठेवला तर अर्ध्या बीटवर. 450 ठेवला तर ठेक्याच्या मधून आडवा चालतो आणि नाचायला तोच बरा. 60,000 ला बीपीएमनं भागलं की एका बीटचे मिलिसेकंद निघतात, कुठल्याही लयीला. आता डिलेच्या फीडबॅकला, म्हणजे प्रतिध्वनी किती परत आत फिरवायचा त्या नॉबला, रेषा जोडा: एरवी 30 टक्के, शेवटच्या "उदो"ला 70, आणि दोन बारांनी परत 30. फीडबॅक शंभराच्या पुढं जाऊ देऊ नका. प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्याहून मोठा होत जातो आणि कानठळ्या बसतात. हेडफोन लावून प्रयोग करणार असाल तर मास्टरवर (सगळे ट्रॅक जिथं एकत्र येतात त्या ट्रॅकवर) आधी लिमिटर ठेवा, तो आवाज ठरल्या उंचीपुढं जाऊ देत नाही.

आवाजाची पातळी

नवे लोक ऑटोमेशन म्हटलं की सगळ्यात आधी व्हॉल्यूमच्या फेडरवर राइट क्लिक करतात. मी सांगेन, मिक्सरच्या फेडरला हात लावू नका. एकदा त्याला क्लिप जोडली की फेडर तुमच्या हातात राहत नाही. तुम्ही खाली ओढता, बीट वाजवता, तो परत वर. आणि मिक्सिंगच्या शेवटी तर "हलगी जरा कमी" हे सारखंच करावं लागतं. म्हणून ट्रॅकच्या शेवटच्या स्लॉटमध्ये फ्रूटी बॅलन्स टाका आणि त्याच्या व्हॉल्यूमला रेषा लावा. फेडर मोकळा राहतो.

फेडरलाच रेषा लावायची असेल तर एवढं माहीत हवं: एफएलच्या मिक्सरचा फेडर शून्य डेसिबलला थांबत नाही, वर 5.6 डेसिबलपर्यंत जातो. क्लिपच्या उंचीत शून्य डेसिबल साधारण 80 टक्क्यांवर येतं. "पूर्ण आवाज" म्हणून रेषा माथ्याला नेलीत, तर नकळत जवळपास सहा डेसिबल वाढवलेत आणि बेस फाटला.

रेषा कॉम्प्रेसरच्या (मोठा आवाज दाबणाऱ्या इफेक्टच्या) आधी आहे की नंतर, यानं फार फरक पडतो. आधी असेल तर तुम्ही वाढवलेला आवाज कॉम्प्रेसर पुन्हा दाबतो. उंची फारशी वाढत नाही, दाब वाढतो. गजरातले कमी-जास्त शब्द सारखे करायचे असतील तर आधी लावा. पूर्ण तुकडा वर न्यायचा असेल तर नंतर. आणि हालचाल एक-दोन डेसिबलची पुरते. कडव्याला हलगी दीड डेसिबल खाली, गजराला परत जागेवर. कुणाला कळणार नाही, पण गजर आला की छाती भरून येईल.

बेस आणि हलगी एकमेकांच्या अंगावर येत असतील तर बेसच्या व्हॉल्यूमला एका बीटच्या लांबीची छोटी क्लिप करा: सुरुवातीला खाली, आणि दोन-अडीचशे मिलिसेकंदांत वळण घेत परत वर. मग ती प्रत्येक बीटवर चिकटवा. प्रती सगळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात, एकीत बदल केला की सगळ्यांत होतो. एखादी वेगळी हवी असेल तर "मेक युनिक". हेच काम पीक कंट्रोलर (एका वाद्याचा आवाज ऐकून दुसऱ्याचा नॉब हलवणारं प्लगइन) आपोआप करतो, पण आपला ठेका सरळ नसतो आणि हातानं काढलेल्या वळणाला त्या ठेक्याची चाल देता येते.

डावं-उजवं

यावर फार वेळ घालवू नका. हेडफोनमध्ये हलगी या कानातून त्या कानात फिरते तेव्हा मजा येते, पण आमच्याकडच्या बऱ्याच मंडपांत आणि टेम्पोवरच्या डीजेत दोन्ही बाजूंना एकच आवाज जातो. कुठं कुठं तर एकच वायर लावलेली असते. लग्नात माझी पूर्ण उजवीकडं टाकलेली हलगी गायबच झाली होती, आणि आपलीच बीट वाजतीये हे मामांना सांगून बसलो होतो. टाळ्या थोड्या इकडं-तिकडं फिरवा. बेस आणि मुख्य ठेका मधेच.

हातानं फिरवून रेकॉर्ड करणं

रेषा काढण्यापेक्षा नॉब हातानं फिरवून ते रेकॉर्ड करणं पुष्कळदा जिवंत वाटतं. रेकॉर्डचं बटण दाबा, यादीतून ऑटोमेशन निवडा, बीट चालू करा आणि नॉब फिरवा. माउसनं चालतं, पण एका वेळी एकच नॉब. छोटा मिडी कीबोर्ड (मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक यांची आपसातली भाषा) असेल तर नॉबवर राइट क्लिक करून "लिंक टू कंट्रोलर" निवडा आणि कीबोर्डवरचा नॉब हलवा, जोडणी होते. 1983 पासून चालत आलेल्या मिडीत अशा नॉबच्या 0 ते 127 एवढ्याच पायऱ्या असतात. फिल्टर मंद उघडताना त्या पायऱ्या कधी कधी कुरकुर आवाजात ऐकू येतात. तसं झालं तर रेकॉर्ड केलेलं पुसा आणि त्या जागी तीन-चार ठिपक्यांची गुळगुळीत रेषा काढा. हाताची चाल कळलेली असते, ती रेषेत उतरवायची.

बाहेरून टाकलेल्या प्लगइनच्या नॉबवर राइट क्लिक केलं तर एफएलचा मेनू बहुधा येत नाही. अशा वेळी तो नॉब एकदा हलवा, मग वर "टूल्स" मेनूत "लास्ट ट्वीक्ड"मध्ये जा. तिथं "क्रिएट ऑटोमेशन क्लिप" मिळेल. मला हे कळायला वर्ष लागलं होतं.

कटकटी

व्हॉल्यूमची रेषा उभी तोडली की "टक" असा आवाज येतो, कारण ध्वनीची लाट मध्येच कापली जाते. उभ्या रेषेला 5 ते 10 मिलिसेकंदांचा तिरपा उतार द्या. नॉब ऐकतच नसेल तर त्याला दोन क्लिपा जोडल्यात का ते बघा. दोघी ओढतात आणि कोण जिंकेल याचा नेम नाही. आणि दर थोड्या वेळानं कंट्रोल-एन दाबत जा. एफएलमध्ये त्यानं प्रोजेक्टची पुढच्या क्रमांकाची नवी प्रत सेव्ह होते, जुनी तशीच राहते. लॅपटॉपची बॅटरी बसकी असेल आणि लाइटचा भरवसा नसेल तर ही सवय लावूनच घ्या.

एका वेळी तीनहून जास्त गोष्टी हलवायच्या नाहीत असा मी माझ्यापुरता नेम केलाय. फिल्टर उघडतोय, लय चढतेय, सूर तापतोय, एवढं पुरे. वर आणखी डावं-उजवं फिरवलं आणि रिव्हर्ब फुगवला की ऐकणाऱ्याला कुठल्याच गोष्टीचा चढ लागत नाही.

दुसरं सॉफ्टवेअर असेल तर

एलएमएमएसमध्ये ऑटोमेशन ट्रॅक घ्यायचा, कंट्रोल दाबून नॉब ओढून त्या ट्रॅकवरच्या तुकड्यावर सोडायचा, आणि तुकडा उघडून रेषा काढायची. एबलटन लाइव्हमध्ये ए दाबलं की रेषा दिसतात, बी दाबलं की पेन्सिल येते. रीपरमध्ये ट्रॅक निवडून व्ही दाबलं की व्हॉल्यूमची रेषा उघडते; ट्रायल 60 दिवसांची आणि पूर्ण चालणारी. मॅक असेल तर लॉजिकमध्येही ए दाबलं की रेषा दिसतात. "टच", "लॅच", "राइट" असे शब्द दिसले तर घाबरू नका. टचमध्ये हात सोडला की नॉब जुन्या रेषेवर परत जातो, लॅचमध्ये सोडल्या जागी थांबतो, आणि राइटमध्ये बीट चालू होताच आधीचं सगळं पुसून नवं लिहिलं जातं. राइट चुकून चालू राहिलं की किती नुकसान होतं ते एकदा होऊन गेल्यावरच कळतं.

बाहेर काढताना

एक्स्पोर्टच्या खिडकीत "टेल"समोर "लीव्ह रिमेंडर" निवडा, नाहीतर शेवटच्या उदोचा घुमारा कचकन तुटतो. वेव्ह फाइल काढा, एमपी3 नंतर करता येते. मग फाइल तीन ठिकाणी ऐका: हेडफोन, फोनचा स्पीकर आणि मोनो केलेला (दोन्ही बाजूंना एकच आवाज जाणारा) लॅपटॉप. फोनच्या स्पीकरवर बेस जवळजवळ नाहीसा होतो, तरी फिल्टर उघडताना अंगावर येतोय का ते बघा. येत नसेल तर चढ फक्त बेसच्या जोरावर उभा होता. "चामडं"ची रेषा पुन्हा उघडा.

शेवटची परीक्षा खऱ्या डीजेवर. ओळखीतल्या टेम्पोवाल्याकडं पेन ड्राइव्ह घेऊन जा, मंडपात माणसं यायच्या आधी एकदा वाजवून घ्या आणि दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहा. रात्री दहानंतर जाऊ नका. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे, आणि तुमच्या फिल्टरचा चढ ऐकायला सगळ्यात आधी पोलीस येतील.